पालथा थर

बाई, आज तुमची आठवण यायला मुलाने पाठवलेला एक फोटो कारण झाला. तो नॉर्वेत नोकरीला आहे. सुटीत कुठल्याशा जुन्या खेड्यात गेला होता. तिथल्या लाकडी घरांच्या छपरांवर चक्क गवत वाढलेलं आहे, त्यावर बर्फ. खाली लिहिलंय, "आई, बघ ना किती क्यूट!" तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "क्यूट काय त्यात? गारठून मरायची वेळ आली की सुचतं तसलं."

नारायण पेठेतल्या आपल्या शाळेत तुम्ही भूगोल शिकवायचात. बर्फ तुम्ही रसवंतीतला सोडला तर कधी पाहिला नसेल, पण त्या गवताच्या छपरांसाठी आख्खा तास घालवलात. मैदानामागची हरळी मुळांसकट चौकोनी कापून आणायला लावलीत. छप्पर म्हणून लाकडी खोकं. त्यावर आधी झाडाची साल, कारण पाणी अडवते ती सालच. तिकडे ती आपली भूर्जपत्रं ज्या जातीच्या झाडाची, त्याच जातीच्या झाडाची असते. पुण्यात ती कुठून आणणार, म्हणून केळीची सोपटं. मग हरळीचा पहिला थर पालथा, गवत खाली आणि मुळं वर. दुसरा थर सुलटा. मला ते पटेना. जिवंत गवताला तोंडावर कसं पाडायचं? मी दोन्ही थर सुलटे लावले. तुम्ही माझं खोकं सगळ्या वर्गाला दाखवलंत. "दया आली वाटतं? छान. ओल्या मातीने साल कुजली की घरातली माणसं भिजतील, त्यांची दया कोण करणार?" मग जरा मऊ आवाजात सांगितलंत, की पालथं गवत मातीला सालीपासून दूर ठेवतं, आणि काही वर्षांत दोन्ही थरांची मुळं अशी गुंततात की एकाला उचलायचं तर दुसरा फाटतो. मला त्या दिवशी तुमचा भयंकर राग आला होता.

यांना अर्धांगवायू झाल्यापासून कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये मी तोच तो दिवस पुन्हा पुन्हा काढते आहे. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं. सोसायटीतल्या बायका येतात, यांची केलेली दाढी आणि इस्त्रीचा सदरा बघून म्हणतात, "काय टवटवीत ठेवलंयत हो यांना!" माझ्याकडे कोणी बघत नाही, आणि बघण्यासारखं काही राहिलेलंही नाही. पालथा थर म्हणजे काय ते मला आत्ता कळतंय, बाई. तक्रार करतेय, करू द्या. थकलेय मी. पाठ गेली, झोप गेली, आणि हल्ली यांना वळवताना माझा हात जरा जोरात लागतो. त्याची मला भीती वाटते.

मुलगा फोनवर म्हणतो, "आई, चांगली केअर होम्स आहेत आता. प्रॅक्टिकल हो ना जरा." मी एक जाऊन पाहिलं. स्वच्छ आहे, तिथल्या मुली प्रेमाने बोलतात, खिडकीबाहेर कडुनिंब आहे. घरी येऊन यांना सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. मग एकेक शब्द गोळा करत म्हणाले, "तिथं... चहा तरी... गरम मिळेल." जन्मभर असंच बोलत आले. मला हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना. यांचा धड हात माझ्या पदराचं टोक धरून होता. तो कसा सोडवावा ते सुचत नव्हतं, म्हणून तशीच बसून राहिले.

आज सकाळी त्या लोकांना फोन करून होकार दिला. वाटलं होतं, फोन ठेवल्यावर कोसळेन. तसलं काही झालं नाही. भूक लागली. कितीतरी दिवसांनी ताट वाढून घेतलं, बसून जेवले, भात पुन्हा घेतला. मुलगा म्हणाला, बरं केलंस. शेजारीण म्हणाली, "तुम्ही पुष्कळ केलंत हो." जो तो माझी समजूत घालतोय. मला फाडकन बोलेल असं माणूस आता कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. हा कागद कुठे पाठवायचा नाही, एवढी अक्कल मला आहे. पण एक सांगून टाकते. सोमवारी सकाळी गाडी येणार आहे, आणि हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.