फेराइटचा खोटा आलेख आणि तुमचा डोळा

आदरणीय सर,

तुमच्या तेराव्याहून आत्ताच परतलोय. तुमच्या सुदामा नगरच्या घरी आज जे झालं, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

पाहुणे गेल्यावर काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "हे लॅबच्या जिन्यावरून पडले, तेव्हा तूच उचलून दवाखान्यात नेलंस. देवासारखा होतास रे!"

जिन्यावरून! सर, घरीसुद्धा तुम्ही तेच सांगितलंत?

मी भट्टीत भाजलेली कोबाल्ट फेराइटची काळी, चुंबकीय पूड आठवते? क्ष-किरणांखाली ठेवली, तर स्फटिकाच्या रचनेची सगळी टोकं आलेखावर जागच्या जागी आली. फक्त तेहतीस अंशांजवळ एक आगाऊ टोक, पीक, उभं होतं. थोडा आयर्न ऑक्साइड तसाच उरला होता. पुन्हा भाजायचा धीर मला कुठला! फाइलमधून ते टोक पुसलं आणि पेपर तुमच्या नावासकट शोधपत्रिकेला पाठवून दिला.

तुम्ही तोच नमुना परत चालवून पाहिलात. त्या दुपारी लॅबमध्ये आपण दोघंच होतो. दोन्ही आलेख माझ्या तोंडावर फेकलेत आणि रागात हिंदीत ओरडलात, "वो तेहतीस वाला पीक किधर गया, भिया?"

"मशीनचा नॉइज असेल, सर."

अशी कानाखाली बसली की कान बधिर झाला. लगेच दुसरी. तिसऱ्यांदा हात उठला आणि मी मूठ आवळून सरळ तुमच्या चष्म्यावर मारली. काच आत गेली. तुम्ही गुरासारखे ओरडलात. तुमच्या बोटांमधून रक्त ओघळत होतं, फरशीवर सांडलेल्या काळ्या पुडीत मिसळत होतं. डावा डोळा गेला तो गेलाच.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मला एवढंच म्हणालात, "पेपर मागे घे." मी घेतला नाही. त्याच्याच जोरावर नोकरी मिळवली. पण संपादकांना तुम्हीही लिहिलं नाहीत. का, सर? माझी दया आली, की आधी हात तुम्ही उचललात हेही उघडं पडलं असतं म्हणून?

आज माझ्याच्याने गप्प बसवलं नाही. "जिना नव्हता, काकू. मी मारलं."

कप भिंतीवर फुटला. काकूंनी माझी कॉलर धरली, छातीवर बुक्क्या मारत राहिल्या. "डोळा खाल्लास रे त्यांचा! आणि इथे जेवून गेलास!" मी मार खात उभा राहिलो.

मग त्या एकदम थांबल्या. "आधी हात कुणी उचलला?"

"सरांनी."

काकूंनी बांगड्या मागे सारून वाकडं झालेलं मनगट दाखवलं. "पिरगाळलं होतं त्यांनी. लोकांना सांगितलं, न्हाणीघरात घसरले. अजून ठणकतं."

सर! ज्या हाताने मला स्फटिक समजावलेत, त्याच हाताने हे? तुमच्यावर ओरडायचंय मला, आणि तुम्ही नाही आहात!

पेपर मागे घेत असल्याचं पत्र संपादकांना आज पाठवतोय. ते टोक मी पुसलं, असं स्पष्ट लिहिलंय. नोकरी गेली तर जाऊ दे.

उद्या काकूंना हाडांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. हे कशानं झालं, असं ते विचारतील. काकू खरं सांगणार म्हणाल्यात. त्या सांगतील तेव्हा मी शेजारी बसेन, सर, आणि तुमची बाजू घेणार नाही.

तुमचा विद्यार्थी,
अविनाश