पाचवं नाव

प्रिय धाकट्या,

आपल्या सॉफ्टवेअर कंपनीत दर महिन्याला पाच जणांची लघवी नशेसाठी तपासतात. नावं संगणक निःपक्षपातीपणे काढतो, असा सगळ्यांचा समज आहे. यादी टाइप करतो मी. तू माझा साहेब झालास आणि आई फोनवर मलाच विचारायला लागली, "साहेब जेवला का रे?" त्या दिवशी पाचवं नाव खोडून मी तुझं घातलं. जरा फजिती व्हावी, एवढंच.

अहवालात नशेचा अंश निघाला. तो खोकल्याच्या औषधाचा होता, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरकडे तुला मीच नेलं होतं, चिठ्ठीही माझ्याच खिशात राहिली होती. तीन दिवसांत ती अहवालाला जोडली नाही तर नोकरी जाते. तुला हे कळवायचं कामही माझंच. मी कळवलं नाही. काल तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालास, "दादा, खोकला पार पळाला बघ! तू होतास म्हणून."

आज शेवटच्या तासाला चिठ्ठी जोडली. तुझी नोकरी वाचली. पण खरं सांगू? हे तीन दिवस मला फार गाढ झोप लागली.

तुझाच,
दादा