पान्हा चोरला

गुरुजी, पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही हयात होता तेव्हा धाडस झालं नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शुद्धलेखनाच्या भीतीनं प्रत्येक ओळ दोनदा वाचतोच आहे. चुका मागाहून काढा, आधी ऐका.

आमच्या गोठ्यात महिनाभर एक बाई येताहेत. जनावरांचं मन आणि त्यांचं आपसातलं वागणं, हा त्यांचा अभ्यास. कुठली म्हैस कुणाला चाटते, कुणाशेजारी बसते, सगळं वहीत उतरवतात. मोठ्या शिकलेल्या, पण शेणामुताचं वावडं नाही. आणि विचारतात कुणाला? मला! तुमच्या वर्गातून उठून गेलेल्याला. परवा एका म्हशीचं रेडकू मेलं, तिनं दूध द्यायचं बंद केलं. बाईंनी कारण विचारलं तर माझा थोरला म्हणाला, "पान्हा चोरती की ओ, दुसरं काय?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आपलंच दूध कोण चोरतंय व्हय रं? तिच्यानं सुटत न्हाय." बाई म्हणाल्या, "काका, परत सांगा." मी परत सांगितलं, त्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. त्या वेळी तुम्ही दारात उभं असायला हवं होतं.

आठवतंय? 'आमची म्हैस' हा निबंध. मी लिहिलं होतं, रेडकू मेल्यावर आमची म्हैस तीन दिवस रडली. तुम्ही वही हातात घेऊन फळ्यापुढे उभे आहात, सगळा वर्ग ऐकतो आहे. "म्हस रडती व्हय रं? मग पावणं आलं असतील की सांत्वनाला! तू पदर दिलास का न्हाय डोळं पुसायला?" पोरं बाकं बडवून हसतात. तुम्ही 'रडली' हा शब्द लाल पेन्सिलीनं खोडता आणि वर लिहिता, 'पान्हा चोरला'. त्या दिवसापासून गल्लीत माझं नाव 'म्हशीचा ल्योक' पडलं. आठवड्याभरात मी दप्तर टाकलं, ते कायमचं.

हे सगळं मी बाईंना सांगितलं, तुमच्या नावागावासकट. "लेखात त्यांचं नाव घालू का?" त्यांनी विचारलं. "घाला, ठळक घाला," म्हणालो. तुमचे नातू शाहूपुरीत असतात, त्यांनी वाचावं, आपला आजा किती आडमुठा होता ते गावाला कळावं. फार बरं वाटलं, गुरुजी. दोन दिवस वाटलं.

आता बाईंची वही दिसली की मी उठून बाहेर जातो. एक गोष्ट बाईंना सांगितलेली नाही, घरातही कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी शाळेतून आलो तो दावणीशीच गेलो, आणि "चोरटी, चोरटी" म्हणत त्या म्हशीला वेताच्या काठीनं मारलं. ती हलली नाही. मान वळवून माझा हात हुंगत राहिली. हात तुमचा नव्हता, माझा होता.

शुक्रवारी बाई लिहिलेलं वाचून दाखवणार आहेत, मग ते छापायला जाईल. तुमचं नाव काढायला सांगू, की त्याच्याखाली माझंही घालायला सांगू? तुम्हाला कुठल्या पत्त्यावर विचारायचं, तेही कळत नाही. शुक्रवारला तीनच दिवस आहेत. काय ते लवकर कळवा.