लंगडा गिरणीवाला आणि विहिरीतला बोकड

३ जून
आजपासून नवा माणूस. तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष. शेवटचं असं बाबा म्हणाले. यंदाही प्रबंध पास झाला नाही, तर मुकाट्याने चष्म्याच्या दुकानात बसायचं. मी मंद हसलो. ज्याच्या डोक्यात पाच भाषा नांदणार, तो काचा पुसणार? छे!
संकल्प: फ्रेंच आणि रशियन सप्टेंबरच्या आत. रोज पहाटे पाचला उठणे.

४ जून, सकाळी साडेनऊ
उठलो. गजराचा आवाज फारच मवाळ.

१९ जून
रशियन लिपी पाहिली. काही अक्षरं चक्क उलटी. फ्रेंचमध्ये निम्मी अक्षरं उच्चारायचीच नसतात. मग मी उरलेली निम्मीही सोडली तर कुठे बिघडलं? लायब्ररीत मराठी अनुवाद आहेत की!

२ ऑगस्ट
दोन जुन्या कादंबऱ्या आणल्या. पुठ्ठ्यांवर फक्त नाव, आणि एकीवर ‘फ्रेंचवरून’, दुसरीवर ‘रशियनवरून’. लेखकांची पानं बाइंडरने गिळली. बरंच झालं. लेखक मध्ये आला की समीक्षा बिघडते.

११ ऑगस्ट
अंगावर काटा! फ्रेंचमध्ये लंगडा गिरणीवाला, रशियनमध्येही लंगडा गिरणीवाला! दोन्हीकडे विधवा एकच मोजा घालून हिंडते. दोन्हीकडे ऐन लग्नात बोकड विहिरीत! फक्त नावं वेगळी. रशियन बोकडाचं नाव तर थेट आपल्याकडचं. दोन भाषा, एक आत्मा! युरोप हादरणार.

१२ ऑगस्ट
धाकट्या बहिणीने जेवता जेवता दोन्ही वाचून काढल्या. म्हणाली, दादा, अरे हे एकच पुस्तक आहे. बिचारी कॉमर्सवाली. पण मुद्दा झकास: सामान्य वाचकालाही साम्य जाणवतं. प्रबंधात घातला.

६ ऑक्टोबर
गाइड मॅडमचा पुन्हा फोन. प्रकरणं दाखवा म्हणतात. मुळीच नाही. कल्पना अशाच चोरीला जातात. प्रबंध परस्पर ऑफिसात देणार. बाबांनाही सांगून टाकलं, दुकानासाठी दुसरा माणूस बघा.

१४ मार्च
तोंडी परीक्षा. बोकडावर अर्धा तास बोललो. मग मॅडमनी शांतपणे सांगितलं की कादंबरी एकच, फ्रेंच. दुसऱ्या अनुवादकाने ती रशियन भाषांतरावरून मराठीत आणली, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे पात्रांची नावं इकडची केली. प्रकरणं दाखवली असती तर ऑक्टोबरमध्येच कळलं असतं, म्हणाल्या.
बाहेरचे परीक्षक म्हणाले, एखादी कादंबरी हुबेहूब स्वतःसारखी असते, हे इतक्या पुराव्यांनिशी कुणी सिद्ध केलं नव्हतं. हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी मीच आणून दिलं.
नापास. जिन्यात बसून रडलो.

२ एप्रिल
दुकान. तात्पुरतं. डोक्यात नवा विषय घोळतोय.
एका गिऱ्हाइकाने दोन फ्रेम समोर ठेवून विचारलं, कुठली घेऊ? मी सविस्तर समजावलं: डावीकडची अभिजात, उजवीकडची आधुनिक, डावीत संयम आहे, उजवीत बंडखोरी. त्यांनी विचार करून अभिजात घेतली. बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. म्हणाले, शिक्षण वाया नाही गेलं.
बहीण डबा घेऊन आली होती. कानाशी येऊन म्हणाली, दादा, अरे त्या दोन्ही फ्रेम एकच होत्या.
या वेळी मी उरलेल्या फ्रेमचा नंबर बिलाशी ताडून पाहिला.
आता काचा पुसतोय. आधी माझ्याच चष्म्याच्या.