मधली बादली

शुक्रवार, ३ मार्च

चपला घेतल्या एकदाच्या! तपकिरी, पट्ट्यांच्या. सेलचा शेवटचा दिवस, दुकान लवकर बंद होणार — ताईने फोनवरून नुसता जीव खाल्ला. पोचले तेव्हा दुकानदार शटर ओढतच होता. ताई म्हणे, "आता तरी माणसांत आल्यासारखी दिसशील. सदानकदा ते चिखलाचे बूट!"

तिच्या लेखी मी उंदीर मोजते. चिचुंद्र्या, बेडूक, सापसुरळ्या — ज्यांची कुणी शिकार करत नाही आणि फोटोही काढत नाही, ते सगळे जीव मोजते, हे तिला दहादा सांगून झालंय. "तेच ते," म्हणते.

टेकडीवरचं काम दोन दिवस बंद. सुटी!

शनिवार, ४ मार्च

उठल्या उठल्या आठवलं. मधली बादली!

नीट लिहून काढते. बादल्या जमिनीत काठापर्यंत पुरलेल्या. पत्र्याची बुटकी भिंत त्यांच्याकडे नेते, भिंतीच्या कडेकडेने चालणारा जीव आत पडतो. रोज सकाळी काढायचा, मोजायचा, सोडायचा. सुटीच्या आधी प्रत्येक बादलीवर झाकण आणि झाकणावर दगड, यात माफी नाही. मी खालून सुरू करते, माझ्याबरोबर टेकडीवर काम करणारे काका वरून. मधली बादली बाभळीआड आहे, तिथे जो आधी पोचेल त्याची.

काल काकांनी वरून हाक दिली, "मधली?" मी कानाला फोन लावून जीपकडे निघाले होते. ओरडले — "झाकली!"

का ओरडले? परत चढायचा कंटाळा. म्हटलं, काका उतरेपर्यंत पळत जाऊन येऊ. मग ताई चपलांचे रंग सांगत बसली.

आता काकांना फोन केला तर लगेच जीप काढतील. पण आधी विचारतील, मग झाकली कशाला म्हणालीस? त्यांनी मला हाताला धरून काम शिकवलंय. बेडूक कसा धरायचा इथपासून. त्यांच्यापुढे खोटी पडायचं? नको. दोन दिवसांत काही पडणारही नाही कदाचित.

रविवार, ५ मार्च

फोन केला नाही. चपला चावतात. चावू देत.

सोमवार, ६ मार्च

पडलं.

मी मुद्दाम घाईने पुढे निघाले होते, पण काका वरच्या वाटेने आधी पोचले. बाभळीआडून त्यांची हाक आली नाही, तेव्हाच समजले.

चिचुंद्री आणि तिची पिल्लं. आईच्या शेपटीशी एकाचं तोंड, त्याच्या शेपटीशी दुसऱ्याचं — अशी आगगाडी करून चालतात ती. तशीच होती, ओळ न मोडता. चिचुंद्रीला पोट रिकामं ठेवून अर्धा दिवसही निघत नाही. आत ठेवलेला ओला स्पंज वाळून खडखडीत झाला होता. एक बेडूक मात्र जिवंत, कडेला फुगून बसलेला. मला त्याच्याकडे बघवेना.

काका खालीच बसले. म्हणाले, "मधली माझ्याकडे होती ना गं?"

मी मान हलवली. होकारार्थी! तोंडातून शब्दसुद्धा काढावा लागला नाही.

"झाकल्याचं आठवतच नाही मला," म्हणाले. माझं ओरडणंही त्यांना आठवत नव्हतं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. किती नीच असावं माणसाने!

काकांनी बाभळीखाली खड्डा केला. मी माती लोटली.

बुधवार, ८ मार्च

काकांनी मॅडमना आपणहून सांगितलं. मॅडम आमच्या प्रमुख, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच लागतं. "काका, मागे जीपची किल्ली विसरलात, परवा वजनकाटा, आता हे. जिवांचा प्रश्न आहे. काही दिवस ऑफिसातच थांबा."

मी तिथेच उभी. मॅडमच्या टेबलावरची पेनं बघत होते. निळी, काळी, निळी.

काका आता स्टोअरमध्ये स्पंज धुतात. माझ्याबरोबर टेकडीवर ड्रायव्हर येतो. त्याला सापसुरळीची भीती वाटते. बादलीत डोकावण्याआधी मला म्हणतो, "ताई, तुम्ही बघा आधी."

शुक्रवार, १० मार्च

काकूंचा फोन. "अगं, तुम्ही दोघं दिवसभर बरोबर असता. खरं सांग, हे विसरायला लागलेत का? परवापासून गॅस बंद केला का म्हणून दहादा उठतात. घास तोंडात धरून बसून राहतात."

"काहीतरीच काय काकू! थकलेत ते."

थकलेत म्हणे! एका वाक्याचं काम होतं. तेवढंही केलं नाही. फोन ठेवला आणि रडले. ताईने विचारलं तर म्हटलं, चपला चावल्या.

मंगळवार, १४ मार्च

सांगितलं!

स्टोअरमध्ये गेले तर काकांनी झाकणांवर खडूने आकडे घातले होते आणि तेच पुन्हा पुन्हा पाठ करत होते. मला बघून ओशाळले. म्हणाले, "डॉक्टरकडे जाणार आहे. डोकंच गेलं तर माणसाचं काय राहतं गं?"

मग मला थांबवेना. फोन, चपला, "झाकली", शनिवार, रविवार, ती मान हलवणं — सगळं ओकून टाकलं. म्हटलं, "काका, तुम्ही काहीही विसरला नाहीत. मी मारलं त्यांना. आणि तुमच्या गळ्यात घातलं."

काकांनी बादलीतला एक स्पंज काढून पिळला. मला वाटलं, आता कानाखाली वाजवतील. वाजवायला हवी होती. पण ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "म्हणजे डोकं शाबूत आहे माझं!" ओल्या स्पंजाच्या हातानेच माझ्या डोक्यावर टपली मारली. मग एकदम गंभीर झाले. "पिल्लांचं मात्र वाईट झालं गं," म्हणाले. ते मात्र खरंच.

बुधवार, १५ मार्च

मॅडमकडे गेले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, "चूक कुणाकडूनही होते. पण तू आठवडाभर त्यांना तिथे बसू दिलंस." लेखी ताकीद मिळाली. आणखी एक चूक झाली तर काम गेलं. बरोबरच आहे. उलट थोडं हलकं वाटलं, तर त्याचीही लाज वाटली.

काका सोमवारपासून टेकडीवर! काकूंनी फोनवर मला चक्क आशीर्वाद दिला. तो कुठे ठेवू?

सोमवार, २० मार्च

काका आले. टोपी, काठी, सगळं पूर्वीसारखं. ड्रायव्हरला चिडवूनही झालं. मधल्या बादलीपाशी मात्र थांबले आणि मला म्हणाले, "त्या दिवशी ही माझ्याकडून उघडी राहिली. ते बघून तुला किती त्रास झाला असेल. माफ कर हं पोरी."

मी त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. काका हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "म्हणजे डोकं शाबूत आहे माझं!"