पेद्रूच्या कुंपणाजवळचा खुरीस

कोळंब, मालवण

प्रिय पेद्रूदादा,

तुला आणि वहिनीला माझा प्रेमाचा नमस्कार. बोरिवलीत गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत, बाकी काही बरं नाही.

तुझ्या बंद घराच्या खिडकीची काच मे महिन्यात फुटली, ती कुणी बसवली नाही. मग कुंपणाशी कचऱ्याची एक पिशवी आली, पिशवीच्या सोबतीला बाटल्या, बाटल्यांमागून त्या रिकाम्या करणारे. (शाळेत एक मळकं नख दिसलं, की सिस्टर आपलं अख्खं दप्तर उपसायच्या. तेव्हा रडायचे, आता पटतं.) गणपतीनंतर विहिरीवरचा पंप गेला. पोलीस पाटील दत्ताराम म्हणाले, "बाये, घराक धनी नाय दिसलो, की चोर पत्तो इचारीत येता."

तेव्हा मी डोकं चालवलं. देवासमोर कोण कचरा टाकेल? कचऱ्याच्या जागी लाकडी क्रूस, आपला खुरीस, उभा केला, चुना फासला, अबोलीची माळ घातली. माणूस वारला की त्याच्या आठवणीलाही आपल्याकडे खुरीस उभारतात, हे ध्यानातच आलं नाही. दुपारपर्यंत शेजारची लक्ष्मी रडत हजर. "गो सिल्व्हिया, पेद्रू गेलो आनी माका सांगलंस पण नाय?" रविवारी फादरांनी मृतांच्या प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. मी उठून ओरडले, "तो बोरिवलीत आहे!" मागून सगळे म्हणाले, "आमेन."

कचरा थांबला, हे खरं. पण धनीच उरला नाही, ही बातमी नको त्या कानांवरही गेली. बुधवारी भर दुपारी दोघे तुझं मागचं दार खांद्यावर घेऊन माझ्या अंगणातून गेले. एकाने दार खाली टेकवून माझं सांत्वनही केलं. मी आभार मानले! (कॉन्व्हेंटची सवय.) ते वळणाआड गेल्यावर मात्र पायरीवरच बसले. पेद्रू, जाताना तो माझ्या दाराकडे बघत होता रे. बिजागऱ्यांकडे. तेव्हापासून दाराला पाटा-वरवंटा लावून बसते आणि चटणीला मुकते.

तुझी भित्री बहीण,
सिल्व्हिया

ता. क. काच, दार मी बसवून घेईन. तू फक्त ये, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ फाटकात उभा राहा. जमलं तर मोठ्याने खोक.

ता. क. दुसरा. ती पहिली पिशवी माझी होती. फणसाची सालं. बंद घर आहे, कोण बघतंय, असं वाटलं. लहानपणी माझ्या खोड्यांचा मार तूच खायचास. एवढा एक खा, पण इथे येऊन.