पनवेलच्या टीममधलं चौथं नाव

पनवेल,
रविवार, डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप मिल्काआत्याच्या पायांवर झकूचं डोकं (आपल्यात साष्टांग घालत नाहीत हे मला माहीत आहे, पण कागदावर घालायला कंबर दुखत नाही), आणि वर शालोम. तुझा खोकला कसा आहे? पुण्याच्या थंडीत सकाळची प्रार्थना खिडकी लावून म्हणत जा, देवाला काचेतूनही ऐकू येतं. शाळेतल्या मुली तुला अजून घाबरतात ना? घाबरू देत, तुझी तब्येत त्याच्यावरच टिकून आहे. आईचा गुडघा तसा बरा आहे, फक्त पाहुणे येणार म्हटलं की दुखतो, आणि सध्या तो फारच दुखतोय, कारण आमच्याकडे डेन्मार्क येणार आहे. सिलोनही येणार आहे. चेष्टा करत नाही.

झालं असं, की तुझ्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या पिताश्रींना, मुंबईत कसल्याशा मिठाच्या यंत्राच्या कामात ऑल्सेन नावाचे एक डेनिश इंजिनियर भेटले. चहा घेता घेता निघालं की दोघंही टेनिस खेळतात. मग उठताना बाबा त्यांना म्हणाले, "या एकदा आमच्या पनवेलला खेळायला, सगळ्यांना घेऊन या." आता आत्या, तूच सांग, असं आपण कुणाला म्हणत नाही? एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसालाही म्हणतो. तोही "येऊ की" म्हणतो आणि दोघंही सुखानं आपापल्या घरी जातात. पण डेन्मार्कात ही पद्धत नाही. ऑल्सेनसाहेबांनी डायरी काढली, जानेवारी उघडला आणि विचारलं, कुठला आठवडा? बाबांना 'नाही' म्हणता येत नाही हे तुला माहीत आहेच. महिन्याभरात पत्र आलं : डेन्मार्कचे चार, कोलंबोहून त्यांच्या ओळखीचे चार आणि यजमान पनवेलचे चार. हौशी लोकांचा आंतरराष्ट्रीय टेनिस सप्ताह, मधल्या वेळात स्थलदर्शन. प्रत्येक टीममध्ये तीन पुरुष आणि मिक्स्ड डबल्ससाठी एक बाई. आपल्या क्लबात एक कोर्ट, एक रोलर आणि एक जुनं नेट, ज्यातून चेंडू आरपार जातो.

बाबांनी कमिटी नेमली. स्वतः अध्यक्ष, केळशीकर वकील चिटणीस, भाताच्या गिरणीवाले मुकादमशेठ खजिनदार आणि मी प्रसिद्धिप्रमुख (कारण मी लिहितो. माझी पूर्णविरामाशिवायची कथा मासिकानं परत पाठवली हे कमिटीला अजून माहीत नाही, कृपा करून तूही बोलू नकोस). पहिल्या बैठकीत वेळापत्रक ठरलं. शनिवारी आपला शब्बाथ, आपण खेळत नाही. शुक्रवारी दुपारी नमाजामुळे मुकादमशेठ मोकळे नसतात. एकादशीला वकिलांच्या अंगात त्राण नसतं, आणि बाकीच्या दिवशी जेवल्यावर नसतं. उरलेल्या वेळाचं वेळापत्रक बाबांनी केलं, आणि तीस वर्षं मीठ खात्यात काढलेला माणूस ते जसं करील तसंच केलं, म्हणजे भरती-ओहोटीवर. भरतीला मचव्यातून स्थलदर्शन, ओहोटीला टेनिस. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण पनवेलला यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. भरती रोज थोडी थोडी पुढे सरकते, त्यामुळे सप्ताहाच्या शेवटी पाहुण्यांची न्याहारी जेवणानंतर आणि फायनल काळोखात, हे आधी ध्यानात आलं ते आईच्या, कारण न्याहारी ती करणार. बाबा म्हणाले, समुद्राला सांग. आई म्हणाली, समुद्र माझ्या स्वयंपाकघरात येत नाही. कर्नाळ्याचा किल्ला पायी असल्यामुळे तो तेवढा घड्याळावर राहिला.

पण आत्या, खरी अडचण ती नव्हती. मी, वकील आणि मुकादमशेठ ही तीन नावं ठरली होती, खरी अडचण चौथं नाव. कमिटीनं बाई शोधायला सुरुवात केली. सगळा तालुका पालथा घातला. डॉक्टरांच्या चंद्रावतीबाई तयार झाल्या, पण चेंडू हातानं आणि हळू टाकला तर. एका शाळा-तपासनिसांच्या पत्नी माहेरी टेनिस खेळत असत असं कळलं, म्हणून मी आणि वकील सायकलींवर जाऊन आलो, तर ते बॅडमिंटन निघालं, आणि तेही त्यांच्या बहिणीचं. आणि या सगळ्या बैठकांत चहाचे कप घेऊन आत-बाहेर करत होती तुझी भाची, आपली रूबी, जी रोज सकाळी क्लबाचे मेंबर यायच्या आत तळ्याकाठच्या कोर्टावर माझा धुव्वा उडवते. तिला खेळायला शिकवलं कुणी? बाबांनीच. पंधरा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी एक दिवस काही न बोलता तिची रॅकेट कपाटावर ठेवली, आणि तिनं काही न बोलता ती खाली काढली. तेव्हापासून दोघंही काही बोललेले नाहीत. आता तिला स्थळं येताहेत, आणि मुलीच्या बापानं मुलीला परक्या लोकांसमोर कोर्टावर पळवलं असं अलिबागेपर्यंत कुणी म्हणू नये, एवढीच त्यांना भीती. रूबीनं मला एकदाच सांगितलं की तिला खेळायचंय, आणि बाबांनी विचारलं तरच. चोरून रोजच खेळते, म्हणाली.

हे तोंडावर बोलली ती एकटी गुणाबाई. गुणाबाई म्हणजे मचवेवाल्या काशिरामची बायको. नवं नेट विणायला आम्ही तिलाच दिलं होतं (पाहुण्यांना नेट दिसलं पाहिजे, आणि तिच्याइतकं घट्ट विणणारं इथं कुणी नाही). नेट बघायला कमिटी तिच्या अंगणात गेली, तिथंही तोच विषय निघाला, तेव्हा ती विणता विणता बाबांना म्हणाली, "सायमनशेट, घरान पोर हाय न तुमी तालुका धुंडताव. तिला हात नाय काय?" बाबांनी जाळ्याची भोकं मोजायला घेतली. वकील आकाशाकडे बघू लागले. शिवाय तिनं बजावलं, की तिच्या घरची रीत आहे, नव्या जाळ्याला पहिली मासळी लागल्याशिवाय ते दाराबाहेर जात नाही. मी म्हटलं, हे टेनिसचं आहे. ती म्हणाली, "जाला ता जाला."

म्हणून गेल्या रविवारी स्थलदर्शनाची रंगीत तालीम आणि जाळ्याचं ओटीभरण एकाच मचव्यात झालं. काशिराम वल्ह्यावर, गुणाबाई जाळ्यापाशी, बाबा मार्गदर्शक, मी, वकील, मुकादमशेठ आणि रूबी, असे चौघे पाहुणे. वकील डेनिश झाले होते. त्यांनी हॅट घातली आणि प्रत्येक गोष्टीबद्दल इंग्रजीत तक्रार केली, आणि खाडीला लागेपर्यंत ती भूमिका त्यांच्या अंगात इतकी भिनली, की आम्ही त्यांना खरोखर कंटाळलो. नेटला दोन बोयटं आणि एक खेकडा लागला. रीत पुरी झाली. मग उलव्याच्या अलीकडे मिठाच्या आगरापाशी मचवा लावला, आणि बाबांनी पाहुण्यांना मीठ समजावून सांगायला घेतलं. काशिराम तेवढ्यात जवळच मेव्हणीकडे भाकरी खाऊन येतो म्हणाला. आता गंमत बघ. काशिराम परत आला, तर बाबा बोलत होते, आणि साहेब बोलताना मधे पडू नये म्हणून तो लांब विडी ओढत बसला. बाबांना वाटलं, काशिरामची भाकरी झालेली नाही, जेवत्या माणसाला उठवू नये, म्हणून ते बोलत राहिले. दोघांच्या या सज्जनपणात ओहोटी निघून गेली. मचवा चिखलात. पुढची भरती येईपर्यंत खाडीची सगळी जाणकार मंडळी काठावर.

आगराची जमीन तू पाहिली आहेस. पाणी घ्यायच्या आधी धोपटून धोपटून अशी सपाट करतात, की आमचं कोर्ट तिच्यापुढे नांगरलेलं वाटावं. यंदाचं पाणी अजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, बसून काय करायचं? पाहुण्यांचं सामान म्हणून रॅकेटी आणि चेंडू मचव्यात होतेच. दोन बांबू रोवले, गुणाबाईचं नेट बांधलं (खेकडा काढून), एका बाजूला मी, वकील आणि मुकादमशेठ, आणि दुसरीकडे डेन्मार्कची बाई म्हणून आलेली रूबी. बाबा अंपायर, कारण त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. आत्या, काय खेळली! पदर खोचला आणि तिघांना कोपऱ्याकोपऱ्यांत पळवलं. वकिलांची हॅट गेली, मग डेनिशपण गेलं, मग ते शुद्ध मराठीत देवाचा धावा करू लागले. आगरातली माणसं कामं टाकून बांधावर येऊन बसली. गुणाबाई तर प्रत्येक चेंडूला कुणाची ना कुणाची आई काढत होती, मायेनं. एकदा मात्र रूबीचा बॅकहँड नेटात गेला, आणि अंपायर जागेवरून उठून ओरडला, "खांदा वळव, रूबी, कितीदा सांगितलं!"

सगळ्यांनी अंपायरकडे पाहिलं. बाबा परत खाली बसले. रूबीनं मान हलवली, पुढचा बॅकहँड खांदा वळवून मारला, आणि तो मुकादमशेठच्या दोन पायांमधून गेला. बाबांनी फक्त पॉइंट सांगितला. परतीच्या वाटेवर ते पाणी बघत बसले होते, आणि मला वाटलं, झालं, जमलं. पण दुसऱ्या दिवशी बैठकीत विचारलं तर म्हणाले, चंद्रावतीबाईंचं बघू या. रूबी कप उचलून आत गेली. त्या दिवशी चहाला साखर नव्हती.

तर असं चाललंय. बाकी सगळं मजेत आहे. आई डेनिश लोक काय खातात याच्या काळजीत आहे, मी तिला सांगितलंय की मासे खातात, आता ती ते कसे खातात या काळजीत आहे.

तुझा,
झकू (झकेरिया)

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. पनवेलचे डास डेनिश रक्ताची वाट बघताहेत. तुझ्या बोर्डिंगातल्या आठ मच्छरदाण्या सुट्टीत रिकाम्या असतील तर घेऊन ये.

ता. क. दुसरा. मच्छरदाण्या मुकादमशेठ देणार आहेत, त्यांचं सोड. तू ये. परवा टीमची यादी पाहुण्यांना टाइप करून पाठवली, तीत चौथ्या जागी मी रूबीचं नाव घातलं आहे. बाबांनी गठ्ठ्यातल्या कागदांवर भराभर सह्या केल्या, त्यांना काही कळलेलं नाही. सामन्याच्या दिवशी कळेल. तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत तू असावीस, आणि ते उठू लागले की 'बस, सायमन' म्हणावंस. जगात एवढ्या एका वाक्यानं ते बसतात. रूबीलाही मी सांगितलेलं नाही.

ताई,
झकूनं हे पाकीट उघडंच माझ्या हातात दिलं. घरातली खळ वाळली, ऑफिसातली लावा म्हणाला. तीस वर्षांत मी न वाचता एकाही कागदावर सही केलेली नाही. ते नाव मी दोनदा वाचलं आणि मग सही केली.
रोज सकाळी मी फिरायला म्हणून जातो तो तळ्याच्या पलीकडच्या काठावर बसतो. रूबी तिच्या आईच्या चपला घालून खेळते, त्यानं वळताना पाय घसरतो. तिकडे पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानात पांढरे कॅनव्हासचे बूट मिळतात, एक जोड आण. तिचा पाय तुझ्याएवढाच आहे, घालून बघ. कुणी दिले म्हणून विचारलं तर तूच दिलेस म्हण. मी तिला विचारेन, पण बूट घरात आल्यावर. रिकाम्या हातानं मला जमणार नाही.
शेजारी बस. मी उठणार नाही, पण ओरडेन बहुतेक.
सायमन